घरची गाडी विकण्याची राहू बेटातली रीत

राहू बेटात घरची गाडी विकायला निघते ती बहुधा एखाद्या पाहुण्याच्या प्रश्नामुळे. लग्नसराईत किंवा जत्रेला आलेला पाहुणा अंगणात उभ्या असलेल्या गाडीला एक प्रदक्षिणा घालतो, टायरला बुटाचे टोक लावून पाहतो आणि ‘अजून हीच का?’ एवढेच विचारतो. गाडी चालत असते, कोणाची तिच्याबद्दल तक्रारही नसते. पण त्या दिवसापासून तिला घरातच म्हातारपण लागते. इतकी वर्षे कोणाला ऐकू न आलेला खडखडाट सगळ्यांना ऐकू येऊ लागतो. चिरंजीव जेवताना मोबाइलवर नव्या गाड्यांचे व्हिडिओ आवाज मोठा करून लावतात. महिना-दोन महिन्यांत ‘काढून टाकू’ हे शब्द उच्चारले जातात, आणि ते उच्चारणारा माणूस सहसा गाडी चालवणारा नसतो.

राहू हे दौंड तालुक्यातले गाव. एका अंगाला मुळा-मुठा आणि दुसऱ्या अंगाला भीमा अशा दोन नद्यांमधल्या या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. ऊस, गुऱ्हाळे, पाटेठाणला साखर कारखाना. भीमा ओलांडली की शिरूर तालुका. अशा मुलखात जुन्या गाड्यांचा बाजार उसाच्या बिलावर चालतो. पितृपंधरवड्यात गाडीला कोणी हात लावत नाही, अमावस्येला इसार घेतला जात नाही, आणि धुराडे पेटून पहिली उचल खात्यावर पडेपर्यंत येणारे प्रत्येक गिऱ्हाईक ‘बिल आलं की बघू’ असे म्हणून चहा पिऊन जाते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत. ते तसे मिळते तर शेतकरी संघटनांना आंदोलनासाठी दुसरा विषय शोधावा लागला असता. विकणारा नव्या गाडीसाठी स्वतःच्या बिलाची वाट पाहत असतो, घेणारा जुन्या गाडीसाठी त्याच्या. त्यामुळे दोघांचा वायदा एकच असतो आणि तो दोघांच्याही हातात नसतो.

गाडीची किंमत ठरवण्याची दोन कोष्टके आहेत. पहिले विमा कंपन्यांचे. त्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत गाडीची किंमत ५ टक्क्यांनी उतरते, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी. पाच वर्षांपुढच्या गाडीबाबत हे कोष्टक हात टेकते आणि मालकाने व कंपनीने आपसांत ठरवावे असे सांगते. दुसरे कोष्टक घरचे. ते जमेचे असते. मागच्या वर्षी टाकलेली बॅटरी, दिवाळीत शिवलेली सीटकव्हर, पुण्याहून आणलेली म्युझिक सिस्टीम, तीनदा बदललेली क्लचप्लेट हे सगळे मूळ किमतीत मिळवले जाते. क्लचप्लेट तीनदा का बदलावी लागली, हा प्रश्न या कोष्टकात बसत नाही. शेवटी ‘आपली गाडी म्हणून’ एक रक्कम वर धरतात आणि आलेला आकडा शोरूममधल्या नव्या गाडीच्या आसपास जातो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना या हिशेबात काही वावगे दिसत नाही, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. वालचंद हिराचंद यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडू लागल्या. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे ज्याच्या हातात गाडी आली, त्याला ती घेतल्या भावापेक्षा जास्त भावाने विकता येई. मोटार वापरली की महाग होते, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हे शास्त्र हळूहळू मोडीत निघाले. पण शास्त्र मोडीत निघाले म्हणून घरातल्या आण्णांनी मत बदलावे असे काही बंधन नाही.

गिऱ्हाइकाचे कोष्टक वेगळे आणि ते दिल्लीहून येते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवण्यास बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. तिकडच्या गाड्या मग मिळेल त्या भावाने बाहेर पडू लागल्या. तेव्हापासून राहूतल्या सुमोची किंमत सांगितली की समोरचा खिशातून मोबाइल काढतो आणि ‘दिल्लीला एवढ्यात फॉर्च्युनर येतीय’ म्हणून फोटो दाखवतो. दिल्लीहून गाडी आणायची तर ना हरकत दाखला, इथला कर आणि नवी नोंदणी असे सगळे ओढून आणावे लागते, हे त्यालाही ठाऊक असते. तो फॉर्च्युनर घेणारही नसतो. फोटोचे काम भाव पाडण्यापुरतेच असते.

जुन्या गाडीच्या बाजारावर जगात सर्वांत जास्त गाजलेले लेखन जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचे आहे. तीन नियतकालिकांनी परत पाठवलेला त्याचा निबंध १९७० साली छापून आला आणि २००१ साली त्याला दोघांबरोबर विभागून अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणणे थोडक्यात असे: गाडीत काय दुखते ते विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांचा भाव पाडून मागतो. त्या भावात चांगल्या गाडीवाला विकायला तयार होत नाही आणि बाजारात उरतो तो भंगार माल. अकरलॉफ राहूला आला असता तर निबंध चौथ्यांदा परत गेला असता. इथे गाडीचे दुखणे मालक सोडून सगळ्या गावाला माहीत असते.

याचे कारण मालकीत आहे. आरसीवर नाव एकाचे असले तरी घरची गाडी घरापुरती कधीच नसते. भावकीतली बाळंतीण रात्री यवतच्या दवाखान्यात नेण्यासाठी ती गेलेली असते, नवरीला मांडवात आणण्यासाठी फुलांनी सजलेली असते, कोणाच्या तरी आजीला सोमवतीला जेजुरीला घेऊन गेलेली असते. गावातले निम्मे तरुण तिच्यावर गिअर टाकायला शिकलेले असतात, आणि त्या गिअरचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांना क्लचप्लेटचे कोडे उरत नाही. ओढ्याच्या पुरात सायलेन्सरपर्यंत पाणी कोणत्या साली गेले, उसाच्या ट्रॉलीला कोणती बाजू घासली, कोणत्या लग्नात डिकीचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने उघडले, हे चहाच्या टपरीवर कोणीही सांगतो. चौकशी करणाऱ्याने फक्त दुसरा चहा मागवायचा.

म्हणून बेटातली गाडी बेटात विकत नाहीत. ती केडगाव-चौफुल्याच्या गाडीबाजारात नेतात, नाहीतर भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात गिऱ्हाईक शोधतात. पण नदीवर पूल आहेत आणि ते गाड्यांइतकेच सोयरिकीलाही मोकळे आहेत. मांडवगणचा माणूस गाडी बघायला येतो आणि निघताना ‘माझी धाकटी बहीण तुमच्याच गावात दिलीय’ असे सहज सांगून जातो. त्या संध्याकाळी बहिणीला फोन जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भाव उतरलेला असतो.

जाहिरातीची भाषा ठरलेली आहे. सिंगल ओनर, कमी रनिंग, शोरूम कंडिशन, टायर ८० टक्के, एकही रुपयाचे काम नाही, घ्या आणि पळवा. ‘डॉक्टर वापर’ हे त्यातले मानाचे विशेषण. महाराष्ट्रात डॉक्टरांनी वापरलेल्या जुन्या गाड्यांची संख्या पाहता इथल्या प्रत्येक डॉक्टरने दवाखाना सोडून गाड्याच बदलल्या असाव्यात. शेतकऱ्याने वापरलेली गाडी मात्र कोणी तशी जाहीर करत नाही. वास्तविक तिचाच माग सर्वांत सोपा असतो.

गाडी बघायला माणसे चारच्या संख्येने येतात. एक घेणारा, तो बोलत नाही. दुसरा जाणकार; तोच बोलतो. तिसरा मिस्त्री, आणि चौथा ‘चक्कर मारून येऊ’ म्हटल्यावर पुढच्या सीटवर बसण्यासाठी आलेला. मिस्त्री बॉनेट उचलतो, इंजिन चालू ठेवायला सांगून ऑइलचे झाकण सैल करतो आणि धूर किती उसळतो ते पाहतो. मग रेडिएटरवर बोट फिरवतो. बोटाला लागलेल्या लालसर रंगाकडे तो थोडा वेळ काळजीने बघतो. ते गंज नसून सात दसऱ्यांचे कुंकू आहे असे त्याला समजावून सांगावे लागते. जाणकार दरवाज्याचे रबर ओढून पत्र्याचा मूळ रंग तपासतो आणि गाडी ठोकलेली आहे का ते विचारतो. मालक ‘काय नाय, जरा घासली होती’ म्हणतो. घासली, लागली आणि ठोकली या तीन पायऱ्या आहेत आणि कोणताही मालक पहिल्या पायरीवरून खाली उतरत नाही. टायर किती टक्के उरले ते नखाने ठरवतात. मालकाच्या नखाने ८० भरतात, मिस्त्रीच्या नखाने ४०. नक्षी तीच असते.

यानंतर डिकी उघडली जाते, आणि बेटातल्या गाड्यांची खरी परीक्षा तिथे असते. गुऱ्हाळावरून ढेपा आणि काकवीचे डबे वाहिले नाहीत अशी गाडी या भागात सापडणे कठीण. एखाद्या हिवाळ्यात एखादा डबा पाटसच्या अलीकडच्या गतिरोधकावर कलंडलेला असतोच. काकवी कार्पेटखाली जाते, तिथून स्टेपनीच्या खोबणीत, आणि तिथे कायमची राहते. साबण, रॉकेल, डिझेल, सर्व्हिसिंग सेंटरची वाफ यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. जाणकार स्टेपनी उचलतो तेव्हा खालून काळ्या मुंग्यांची एक रांग शिस्तीत मागच्या सीटकडे चाललेली असते. काही मालक ‘गाडीत गोडवा आहे’ असे म्हणून वेळ मारून नेतात. मीटर मागे घेता येतो, पत्रा रंगवता येतो. मुंग्या मात्र खरे तेच सांगतात, आणि त्या गाडीबरोबर जातात.

व्यवहार खाटेवर बसून होतो. बोलणी करणाऱ्यांत बैलबाजार पाहिलेला एखादा म्हातारा असतोच. चाकणच्या किंवा बेल्ह्याच्या बाजारात टॉवेलखाली हात घालून बोटे दाबत भाव ठरवलेल्या या पिढीला गाडीचे मॉडेल विचारणे आणि बैलाचे दात मोजणे यांत फरक वाटत नाही. दुसा, चौसा, जुळलेला हे सगळे त्यांना नंबरप्लेटवरून कळते. टॉवेलखालच्या भावात एक सोय होती: तो दोघांतच राही. आता भाव मोठ्याने बोलला जातो, त्यामुळे मागच्या ओट्यावर बसलेल्या घरच्यांना तो ऐकू जातो आणि आतून भांडे जोरात ठेवल्याचा आवाज येतो. तो आवाज आला की मालक पाच हजारांनी वर सरकतो. गिऱ्हाईक ‘पाव्हणं, फायनल बोला’ म्हणते. फायनल या आकड्याच्या खाली लास्ट असतो, लास्टच्या खाली ‘उठता उठता’ असतो, आणि उठून चपला घातल्यावर जो आकडा येतो त्यावर व्यवहार होतो. एजंट दोन्ही बाजूंना ‘मला काय, चहा पाजा’ असे सांगतो. हा चहा टक्केवारीत मोजतात.

इसार दिला की गाडी अर्धी गेली असे मानतात; कायद्याच्या दृष्टीने ती जागची हललेलीही नसते. राहूत गाडी हप्त्याहप्त्याने परकी होते: आधी भाव ठरतो, मग चावी जाते, मग पैसे येतात, मग मागच्या काचेवरचे नाव जाते, आणि शेवटी कागद होतात. मोटार वाहन कायदा, १९८८ यातला फक्त शेवटचा हप्ता ओळखतो, तो कागदाचा. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत ती आपल्या नावावर करायची. त्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३० यांना सगळीकडे टीटी फॉर्म म्हणतात. या फॉर्मवर मालक सह्या करतो त्या बहुतेक कोऱ्या फॉर्मवर. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर तहसील गाठणारा माणूस टीटी फॉर्मवर मात्र खाटेच्या कडेला बसून, वर काही न लिहिता, एजंट बोट ठेवील तिथे सही करतो.

कोरा फॉर्म तसाच पडून राहिला तर काय होते, ते २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. एक गाडी विकली गेली, पुढे हातोहात फिरली, आरसीवरचे नाव मात्र पहिल्याचेच राहिले, आणि अपघात झाला. कायद्याच्या लेखी मालक तोच ज्याचे नाव नोंदीवर, आणि भरपाईची जबाबदारीही त्याची, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल गावात फारसा माहीत नाही. माहीत असते ते ई-चलान: गाडी गेल्यावर तीन महिन्यांनी मालकाच्या मोबाइलवर हडपसरला सिग्नल तोडल्याचा फोटो येतो. गाडी ओळखीची असते, चालवणारा नसतो.

दौंड तालुक्याच्या गाड्यांची नोंद बारामतीच्या कार्यालयात होते. हे एमएच ४२ पासिंग. नदीपलीकडचे शिरूर पुण्याच्या एमएच १२ मध्ये. बारामतीच्या वाटेवर तीन अडचणी ठरलेल्या आहेत. पहिली बोज्याची. कर्ज फेडून दहा वर्षे झालेली असतात, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच असते, कारण सातबाऱ्यावरचा बोजा जसा उतरवावा लागतो तसा गाडीवरचाही फॉर्म ३५ भरून उतरवावा लागतो हे कोणी मनावर घेतलेले नसते. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. ज्या बँकेचे नाव आरसीवर आहे ती पाटी आता कोणत्या इमारतीवर आहे, इथून शोध सुरू होतो. दुसरी अडचण नावाची. गाडी थोरल्यांच्या नावावर असते आणि थोरले जाऊन चार वर्षे झालेली असतात. जमिनीची वारस नोंद वर्षश्राद्धाच्या आत लागते. गाडीची मात्र कोणाच्या लक्षातच नसते, जरी नियमाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. मग पुण्यात, चाकणला आणि नवी मुंबईत असलेल्या भावाबहिणींच्या संमतीची पत्रे गोळा होतात आणि एवढ्याशा गाडीचे वाटप पाच एकरांइतके चर्चिले जाते.

तिसरी अडचण नंबरच्या पाटीची. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना सरकारी सुरक्षा पाटी बसवणे सक्तीचे झाले. तिची मुदत राज्यात इतक्यांदा वाढली की लोकांनी ती वाढतच राहणार असे धरले, आणि पाटी नसेल तर परिवहन कार्यालयातले काम अडते हे त्यांना विक्रीच्या दिवशी कळते. जुन्या पाटीवर ४१४१ चे ‘दादा’ केलेले असते. ते उतरवणे हा घरातल्या धाकट्या मुलासाठी गाडी जाण्यापेक्षा मोठा प्रसंग असतो.

विम्याचे प्रकरण त्यामानाने सरळ आहे. गाडीबरोबर तिसऱ्या पक्षाचा विमा आपोआप पुढे जातो आणि घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, जी वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती माणसाची असते, गाडीची नव्हे. ती विकणाऱ्याला नव्या गाडीवर लावून घेता येते. ही एकच गोष्ट अशी की जी गाडीबरोबर जात नाही आणि तरी मालक ती मागायला विसरतो. सीटखालचे जुने पान-सुपारीचे पुडे, लग्नपत्रिका, प्रसादाचा वाळलेला नारळ आणि एक बिनजोडीचा लहान मुलाचा बूट हे मात्र आठवणीने काढून घेतले जाते.

गाडी अंगणातून निघते त्या दिवशी काही घरांत तिला हळदकुंकू लावतात. लावणारी बाई बहुधा तीच असते जिने सहा महिने ‘ही गाडी कधी काढताय’ असे विचारलेले असते. पुढच्या वळणाला नवा मालक गाडी थांबवतो आणि मागच्या काचेवरचे ‘आईचा आशीर्वाद’ ब्लेडने खरवडतो. अक्षरे निघतात, पण मधली काच इतकी वर्षे उन्हाने धुरकटलेली असल्यामुळे त्यांच्या जागी तीच अक्षरे स्वच्छ उमटून राहतात. त्यामुळे पुढे कित्येक महिने शिरूर तालुक्यात एक गाडी दुसऱ्याच्या आईच्या आशीर्वादावर फिरत असते.

शेवटी राहतो तो फास्टॅग. २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो सगळीकडे सक्तीचा आहे आणि गाडी विकताना काचेवरून काढायचा हमखास राहून जातो. मग एका पहाटे जुन्या मालकाच्या खात्यातून पाटसच्या टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज येतो. थोड्या वेळाने सरडेवाडीचा, मग वरवड्याचा, मग सावळेश्वरचा. घरातले सगळे चहा घेत मेसेज वाचतात आणि गाडी तुळजापूरला चालली असावी असा निष्कर्ष काढतात. आपल्याकडे असताना ती कधी इंदापूरच्या पुढे गेली नव्हती, अशी तक्रार घरातली म्हातारी करते. चिरंजीव फास्टॅग बंद करायला बँकेला फोन लावतात. बँक गाडी विकल्याचा पुरावा मागते, म्हणजे फॉर्म २९ ची सही-शिक्क्याची प्रत. ती नीट जपून ठेवलेली असते, विकलेल्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात.